संस्थेवर लागलेली समीक्षा

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात संस्था म्हटलं की माणसं एकच अर्थ घेतात. बाहेरगावी संस्था म्हणे वाचनालयं चालवतात, झाडं लावतात, रक्तदान शिबिरं भरवतात. भरवत असतील बापड्या. आमच्याकडे संस्थेत माणूस ‘लागतो’. लागला की आधी अप्रूव्हलची वाट बघायची, म्हणजे शिक्षण खात्याने त्या जागेवर तुमचं नाव मान्य करण्याची. मग अनुदानाची. अनुदान येतं तेही टप्प्याटप्प्याने, आधी वीस टक्के, मग चाळीस, आणि पुरा पगार हाती पडेपर्यंत लागलेल्या पोराचे कानावरचे केस पिकतात. तोवर तो फुकट शिकवतो, घरचं खातो आणि गावात मास्तर म्हणून मिरवतो. याला कुणी मूर्खपणा म्हणत नाही, कारण थांबलेल्यांपैकी काहींना खरोखरच मिळालेलं सगळ्यांनी पाहिलेलं असतं.

ही रीत ज्याच्या गावीही नव्हती असा एकच माणूस यवतमाळात असेल, आणि संस्था काढायची बुद्धी नेमकी त्यालाच झाली.

श्रीकृष्ण पांढरीपांडे सर एका कॉलेजात ग्रंथपाल होते. घरात पिढ्यान्‌पिढ्या सरकारी नोकऱ्या, त्यामुळे पगाराविना काम करणारा मास्तर त्यांनी जवळून कधी पाहिलेलाच नव्हता. निवृत्तीच्या आधी त्यांना इंटरनेटवरच्या खुल्या ज्ञानकोशाचा नाद लागला. कुणीही वाचावा, कुणीही लिहावा, एकाचं चुकलं तर दुसऱ्याने दुरुस्त करावं, या कल्पनेने ते इतके खुळावले की सकाळी फिरायला निघालेल्या माणसांना रस्त्यात उभं करून समजावून सांगायचे. जिल्ह्यातल्या शाळांमध्ये जाऊन मुलांना हा ज्ञानकोश वापरायला शिकवायचा, त्यातलं खरंखोटं पारखायला शिकवायचं, आपल्या गावाबद्दल मराठीत नोंदी लिहायला लावायचं, एवढ्यासाठी त्यांनी संस्था नोंदवायची ठरवली.

नोंदणीला सात माणसं लागतात. सरांनी पत्नीला घेतलं, साडूला घेतलं, फिरायला येणाऱ्यांपैकी चौघांना घेतलं. कचेरीबाहेर कागद करून देणारा एक माणूस बसायचा. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये संस्थेची घटना तयारच होती, फक्त नाव-पत्ता बदलायचा. त्या घटनेत पहिलाच उद्देश होता, प्राथमिक व माध्यमिक शाळा, आश्रमशाळा आणि वसतिगृहे काढून चालवणे. सरांचं ज्ञानकोशाचं प्रकरण त्याने सर्वांत शेवटी एका ओळीत बसवलं. सर म्हणाले, “अहो, आपल्याला शाळा कुठे काढायची आहे?” तो म्हणाला, “राहू द्या सर, पुढं कामी पडते.” सरांनी ठेवलेलं ‘ज्ञानकोश मित्र’ हे नाव बदलून त्याने ‘ज्ञानकोश शिक्षण प्रसारक मंडळ’ करून टाकलं, कारण असली नावं लवकर मंजूर होतात. सरांनी सही केली. पुस्तकाच्या एकेका ओळीवर वाद घालणाऱ्या या माणसाने आपल्याच संस्थेचा कागद असा सोडून दिला, याचा मला अजून राग येतो.

मग त्यांनी समीक्षाला फोन केला.

समीक्षा भोयर नेर तालुक्यातल्या एका शेतकरी घरातली. वडील नानाजी, आई इंदूबाई. घरी कापूस, तूर, सोयाबीन, खाऊनपिऊन बरं. ती सरांच्या कॉलेजात शिकली, तिथल्या वाचनालयातच वाढली म्हणा ना, आणि पुढे एमएस्सी बीएड होऊन घरी बसली होती. सर फोनवर म्हणाले, “समीक्षा, मी संस्था काढली आहे. तुझ्यासारखी मुलगी हवी. येशील का संस्थेत?”

आता या वाक्याचा अर्थ नेर तालुक्यात काय होतो ते सांगायला नको. फोन ठेवून तिने आईकडे बघितलं आणि इंदूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, नानाजीची पोरगी संस्थेवर लागली. तेही डोनेशन न देता! सरांच्या सज्जनपणाची कीर्ती त्या दिवशी त्यांच्या नकळत एका गावात पसरली.

कुणाला वाटेल, पोरीने विचारायचं होतं सरळ. विचारायचं कसं? तिच्याबरोबर बीएडला असलेला देवसिंग राठोड एका आश्रमशाळेत असाच बिनपगारी राबत होता, सुट्टीत लोकांची ट्रॅक्टरं चालवत होता. पहिल्याच महिन्यात तिने त्याला सल्ला विचारला. तो म्हणाला, “विचारू नको कधीच. विचारलं का माणूस नजरंत येते. मंग दुसऱ्याले घेते. काम करत राहाय, बस.” तिच्या ओळखपत्रावर स्वयंसेविका असं छापलं होतं, त्याचं काय? देवसिंग हसला. “मह्यावर सेवाभावी लिव्हलं हाय. अप्रूव्हल येईपर्यंत असंच लिव्हा लागते.” त्यात सरांनी एकदा तिला घटनेच्या झेरॉक्स काढायला पाठवलं. दुकानात उभ्या उभ्या तिने पहिला उद्देश वाचला, शाळा आणि आश्रमशाळा, आणि तिच्या जिवात जीव आला.

तर समीक्षा कामाला लागली. सरांनी एका जुन्या लॅपटॉपवर सगळा ज्ञानकोश उतरवून दिला होता, कारण शाळांमध्ये नेटवर्कची बोंब. तो पाठीवर टाकून ती एसटीने फिरायची. दिग्रसला जा, घाटंजीला जा, पार केळापूरच्या पुढच्या आश्रमशाळांपर्यंत जा. गाडीभाडं सर द्यायचे. दिवाळीला रत्नप्रभाबाई, म्हणजे सरांच्या पत्नी, एक साडी द्यायच्या. बाकी सगळं नानाजींच्या कपाशीवर.

आणि काम तिला जमलं. नुसतं जमलं नाही, आवडलं. केळापूरकडच्या एका आश्रमशाळेत पायल नावाची कोलाम या आदिवासी जमातीची मुलगी होती. तिने लॅपटॉपमध्ये आपलं गाव शोधलं तर एकच ओळ निघाली, हे यवतमाळ जिल्ह्यातील एक गाव आहे. पायल चिडली. “एवढंच? अन्‌ आमचा बाजार?” तिने बाजारावर नोंद लिहिली, समीक्षाने ती यवतमाळला येऊन नेटवर चढवली, आणि दोन दिवसांत तिकडच्या कुणा जाणत्याने संदर्भ नाही म्हणून ती उडवली. पायल म्हणाली, “माह्या बाबानं सांगतलं ना!” समीक्षाने तिला समजावलं की बाबांचं सांगणं खोटं नाही, पण वाचणाऱ्याला ते तपासता येत नाही, छापलेलं काही हवं. मग ती स्वतः यवतमाळच्या वाचनालयात बसली आणि जुन्या गॅझेटियरमध्ये त्या बाजाराचा दोन ओळींचा उल्लेख शोधून आणला. नोंद पुन्हा लागली आणि टिकली. पायलने शाळेतल्या प्रत्येक पोरीला लॅपटॉपपुढे ओढत आणून ती दाखवली. त्या दिवशी समीक्षा परतीच्या एसटीत उभ्याने आली तरी तिला काही वाटलं नाही.

तिची रीत ठरून गेली. मुलांनी काहीही सांगितलं की ती विचारायची, “कशावरून?” पोरं तिला कशावरूनवाली मॅडम म्हणायची.

अशात शिक्षक भरतीची यादी लागली आणि समीक्षाचं नाव तीत आलं. जिल्हा परिषदेची शाळा, पण राज्याच्या दुसऱ्या टोकाला, समुद्राकडच्या जिल्ह्यात. इंदूबाईंनी डोळ्याला पदर लावला. समीक्षाने देवसिंगला फोन केला, आणि याच सुमाराला देवसिंगची शाळा अनुदानावर आलेली! पठ्ठ्याच्या आवाजात नवा जोर होता. “येडी हायस का? मले इतकी वर्सं लागली, तुह्यं आता जवळच आलं. इथलं सोडून तिकडं काहून जातं? घरची भाकर, घरचं गाव, अन्‌ शंभर टक्के पगार.” समीक्षा त्या नोकरीवर रुजू झाली नाही.

तिने सरांना सांगितलं, “सर, माझी ऑर्डर आली होती. मी गेले नाही. म्हटलं, इथंच राहते.”

सरांचे डोळे भरून आले. पुढे कुठल्याही कार्यक्रमात माइक हाती आला की ते सांगायचे, “या मुलीने ज्ञानासाठी सरकारी नोकरीवर पाणी सोडलं.” टाळ्या व्हायच्या. समीक्षा खाली मान घालून बसायची आणि मनात म्हणायची, सरांना आहे माहीत, सर विसरणार नाहीत. एकाच टाळीचे हे दोन अर्थ दोघं वर्षानुवर्षं घरी घेऊन जात होते, आणि दोघंही खूश होते.

वर्षं गेली. मधल्या काळात साथीमुळे शाळा बंद राहिल्या तेव्हा ती मोबाइलवरून मुलांना नोंदी लिहायला शिकवत राहिली. मैत्रिणींची लग्नं झाली, त्यांची पोरं शाळेत जाऊ लागली. समीक्षाला स्थळं यायची आणि थांबायची, कारण नानाजी सगळ्यांना सांगत, “एकडाव अप्रूव्हल येऊ द्या, मंग पाहू.” शेवटी दारव्ह्याकडचं एक स्थळ आलं. मुलगा नयन, कृषी केंद्र चालवणारा, शांत. बायको वारलेला. पूर्वी अशा स्थळाला नानाजींनी दारातूनच हात जोडले असते. आता त्यांनी पोहे करायला सांगितले. सगळं पसंत पडलं, आणि उठता उठता मुलाचा काका म्हणाला, “तेवढी पोरीची ऑर्डर दाखवा म्हणजे झालं. आमाले पगार नाही पाह्यजे, पण लोकाइले सांगाले बरं.”

त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. पण ऑर्डर म्हणून दाखवायला घरात काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी समीक्षा यवतमाळला सरांच्या घरी गेली. संस्थेचं कार्यालय म्हणजे त्यांचीच पुढची खोली. सर नोंदी तपासत बसले होते. रत्नप्रभाबाईंनी चहा टाकला. देवसिंगची इतक्या वर्षांची शिकवण मोडून समीक्षाने विचारलं, “सर, माझ्या अप्रूव्हलचं कुठपर्यंत आलं?”

“कशाचं अप्रूव्हल?” सरांनी चष्मा वर केला. “कुठल्या नोंदीचं?”

“माझ्या जागेचं, सर. शाळेचा प्रस्ताव गेला असेल ना?”

“कुठली शाळा?” सर खरंच गोंधळले होते. “आपली कुठे शाळा आहे?”

“घटनेत आहे, सर. पहिल्याच नंबरला.”

“अगं, ते त्या कागदवाल्याचं छापील होतं! ते कोण वाचतं?”

आपण वाचलं होतं हे समीक्षाने सांगण्यात आता काय अर्थ होता? स्वयंपाकघराच्या दारात रत्नप्रभाबाई कप घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या लक्षात आधी आलं. त्या म्हणाल्या, “अहो, तिला वाटलं तुम्ही तिला नोकरी दिली.”

यानंतर सरांनी निदान गप्प बसायचं होतं. पण सज्जन माणसांचा हाच घोळ असतो, दुसऱ्याचं घर जळताना त्यांना आपल्या मनाला बसलेला चटका आधी दिसतो. सरांचा चेहरा पडला. ते म्हणाले, “म्हणजे तू इतकी वर्षं नोकरीसाठी येत होतीस? मी तर सगळीकडे सांगत होतो...”

हो म्हणावं तर पायलची नोंद खोटी पडत होती, आणि उभ्याने केलेले ते प्रवास खोटे पडत होते. नाही म्हणावं तर आईबापांनी काढलेली वर्षं खोटी पडत होती. समीक्षाला दोन्ही म्हणवेना. तिने चहा घेतला, कारण रत्नप्रभाबाईंनी पुढे केला होता, आणि कप खाली ठेवून ती उठली. सर फाटकापर्यंत आले. “मी तुला अनुभवाचं प्रमाणपत्र देतो. चांगलं लिहून देतो,” असं ते परत परत म्हणत होते.

नेरच्या गाडीत तिला खिडकी मिळाली. बाहेर कपाशी फुटलेली होती. कळणाऱ्या न कळणाऱ्या सगळ्या पोरांना आपण कशावरून, कशावरून म्हणून भंडावलं आणि आपल्या आयुष्याबद्दल तेवढं एकदा विचारायचं राहिलं, हे तिला लख्ख दिसलं, आणि तिला स्वतःची इतकी शिसारी आली की शेजारच्या बाईने विचारलं, “लागते का वो गाडी?” समीक्षा हो म्हणाली. खोटं बोलायलाही तिला बरं वाटलं.

घरी तिने सगळं सांगितलं. इंदूबाई रडल्या नाहीत, नुसत्या बसून राहिल्या. नानाजींनी विचारलं, “त्या मास्तरनं फसवलं का तुले?”

“नाही बाबा. त्याइनं नाही फसवलं.”

“मंग कोणं?”

याचं उत्तर असतं तर निदान एक शिवी तरी देता आली असती. नानाजींना तीही मिळाली नाही. ते उठून दारात गेले, बाहेर कुणी नाही हे बघितलं, दार लोटलं आणि परत येऊन खालच्या आवाजात म्हणाले, “कोणाले सांगू नको. दारव्ह्याच्या लोकाइले तर नाहीच नाही. प्रस्ताव मंत्रालयात अडकून राह्यला म्हणू.” आयुष्यात कधी मापात पाप न केलेला हा माणूस आपल्या लेकीसाठी खोटं जुळवत होता, आणि तेही त्याला नीट जमत नव्हतं. समीक्षाने मान हलवली.

दारव्ह्याचे लोक मात्र मंत्रालयाचं नाव ऐकूनच काय ते समजले. पुढे त्यांचा फोन आला नाही. इकडून केला तर उचलला गेला नाही.

समीक्षा यवतमाळला जायची थांबली. गावात कुणी विचारलं तर इंदूबाई सांगायच्या, दिवाळीच्या सुट्ट्या आहेत. सुट्ट्या कधीच संपल्या होत्या. अशाच एका सकाळी ती नेरच्या स्टँडवर दळणाच्या पिशव्या घेऊन गावच्या गाडीची वाट बघत उभी असताना तिला निकिता भेटली. निकिता तिच्याच गावची, दोन गल्ल्या पलीकडची, नुकतीच बीएड झालेली. नवी पर्स, नवा ड्रेस, केसांना तेल लावून घट्ट वेणी.

“ताई, तुमालेच शोधून राह्यली होती मी,” ती म्हणाली. “आजपासून जाऊन राह्यली मी सरांकडे. तुमच्या संस्थेत.”

समीक्षाने लगेच विचारलं, “तुले सरांनी बोलावलं?”

“नाही, मीच गेलती बाबांसंग. बाबा म्हणे, समीक्षाले डोनेशन नाही लागलं तर आपल्यालेही नाही लागणार.”

“सरांनी काही सांगतलं नाही तुले?”

“सांगतलं ना! चांगलं दहा वेळा सांगतलं. इथं नोकरी नाही, पगार नाही, शाळा निघणार नाही, पाह्यजे तर लिहून देतो म्हणे.” निकिता हसली. “बाबा म्हणे, सुरुवातीले सगळेच संस्थावाले असं सांगते. पाह्यतेत, पोरगी टिकते का नाही.”

आता बापाने दार लोटून सांगितलेली गोष्ट भर स्टँडवर बोलायची होती. समीक्षाने पिशव्या खाली ठेवल्या आणि निकिताचा हात धरला. “निकिता, खरं सांगून राह्यले सर. मी त्याइले तोंडावर विचारलं. काही नाही तिथं. कधीच नव्हतं. मले काही मिळालं नाही, पुढंही मिळणार नाही. माह्यी ऑर्डर आलती, तेही मी सोडली. तू भरतीची परीक्षा दे, कुठंही लागलं तर जाय, समुद्रापाशी लागलं तरी जाय. पण तिथं नको जाऊ. पाया पडतो तुह्या.”

हे म्हणताना समीक्षाला रडू फुटलं. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा रडली, तेही स्टँडवर, चार लोक बघत असताना.

निकिताने हात सोडवला नाही. पण तिचं हसू मावळलं, आणि डोळ्यांत काहीतरी सावध उतरलं. ती मोठ्या माणसाला दुखवू नये अशा बेताने बोलली.

“ताई, तुमी एवढ्या शिकलेल्या. काही नसतं, तर इतकी वर्सं गेल्या असत्या काय?”

समीक्षाने हाताने डोळे पुसले.

“एकाच जागेचा प्रस्ताव असंल, तर ते तुमचीच हाय, ताई,” निकिता म्हणाली. “मी तुमच्या मधात येणार नाही. मी मागून थांबतो. माह्यं वय हाय अजून.”

यवतमाळची गाडी लागली होती. कंडक्टरने दोनदा आवाज दिला, तशी निकिता वाकली, समीक्षाच्या पाया पडली आणि गाडीत चढली.